कवटीचे क्ष-किरण चित्र आणि मृताची ओळख

बेवारस सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा, हा तपासातील पहिला प्रश्न. उत्तर चुकले, तर हरवलेल्यांच्या यादीतील खरे नावच बाजूला पडते. कमरेची हाडे मिळाल्यास निर्णय बराच सुकर; परंतु पुष्कळदा हाती लागते ती केवळ कवटी. बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात पुरुषाच्या भुवयांवरील कंगोरा ठळक, कपाळ मागे कललेले व कानामागील हाडाचा उंचवटा मोठा दिसतो. स्त्रीचे कपाळ बहुधा उभे, गोलसर. ही लक्षणे यौवनानंतरच स्पष्ट होतात. बालकाच्या कवटीवरून लिंग सांगणे धाडसाचेच! परदेशी मापेही भारतीय कवट्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. कपाळाच्या हाडातील पोकळीची कड मात्र प्रत्येकाची निराळी. म्हणून घरच्यांनी जपलेले जुने क्ष-किरण चित्र मिळाले, तर लिंगच काय, व्यक्तीही ओळखता येते. कल्बर्ट व लॉ यांनी अशी ओळख १९२७ मध्ये प्रसिद्ध केली होती.