तळहातावरचे एक्केचाळीस

बँकेत चौतीस वर्षे काढली म्हटल्यावर लोक विचारतात, "किती कोटी मोजले असतील हो तुम्ही?" कोटींचा हिशेब काही राहिला नाही. एका सत्तावीसशे रुपयांचा मात्र अजून लक्षात आहे.

गोष्ट १९८५ सालची. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाखा होती. जाडजूड लेजरं, पितळेची टोकनं आणि नोटांच्या गड्ड्यांना मारलेल्या पिना. त्या पिना रिझर्व्ह बँकेने २००१ साली बंद करायला लावल्या, पण तोवर आमच्या बोटांची चाळण झालेली होती.

दुपारी डबा खायला आम्ही चौघे एकत्र बसायचो. तिथे एक नियम होता. ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने ती डब्यावर सांगायची आणि संध्याकाळी सगळ्यांना भजी खाऊ घालायची. लेजरवाल्या मित्राचं एक व्हाउचर डब्याच्या पिशवीतून घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीचा डाग घेऊन परत आलं. दुसऱ्याने एक एप्रिलला दुपारपर्यंत एकतीस मार्चचाच शिक्का मारला. शिवाय हा कानावर पेन ठेवून टेबलभर तेच शोधायचा. आमचे हेडकॅशियर अण्णा बशीत चहा ओतून आधी फुंकर मारायचे, मग तो गार असला तरी! माझी सवय म्हणजे टोकन पुकारलं की मोठी रक्कम बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहायची. शेकडा तेवढा लिहायचा, शून्यं सोडून.

एका बाजाराच्या दिवशी खिडकीवर ही झुंबड. दोन वाजता गल्ला मोजला तर सत्तावीसशे कमी. पुन्हा मोजला, तरी तेवढेच कमी. रोकड कमी भरली तर कॅशियरने पदरचे भरायचे, आणि ही रक्कम माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. डब्यावर बसलो, पण बोललो नाही. भज्यांची चूक वेगळी आणि ही वेगळी, असं मनाला वाटलं.

लेजरवाला माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "अरे, तू आज लोणच्याला हात लावला नाहीस." मी रोज पहिला घास लोणच्याचा घेतो, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. मग सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "फरक किती?"

"सत्तावीसशे."

"नऊने भाग जातोय. आकडे उलटे पडलेत का बघ."

हे गणित साधं आहे. ६३ च्या जागी ३६ लिहा, फरक २७. त्याला नऊने भागलं की तीन, आणि सहा नि तीन यांच्यातला फरकही तीनच. शेजारचे कोणतेही दोन आकडे उलटले तरी फरकाला नऊने भाग जातो. नऊने भाग गेला म्हणजे चूक हीच असं नव्हे, पण शोधायला सुरुवात तिथून करावी. म्हणजे आम्हाला हवी होती चौदाशे, पंचवीसशे, छत्तीसशे अशी एखादी रक्कम. तशी तीन व्हाउचरं निघाली. त्यांतलं कोणतं?

लेजरवाल्याने माझा हात ओढला. धुतलेल्या तळव्यावर निळसर ४१ दिसत होते. त्या दिवशी एक्केचाळीसशेचं एकही पेमेंट नव्हतं. चौदाशेचं होतं, सहा मैलांवरच्या एका वाडीतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं.

रात्रभर झोप नाही. पहाटे सायकली काढून मी आणि लेजरवाला वाडीवर पोचलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आबा पहिल्या गाडीनं तालुक्याला गेले. कालचे पैसे जास्तीचे निघाले म्हणून बँकेत द्यायला." आम्ही घामाघूम होऊन परतलो, तर आबा शाखेच्या पायरीवर बसलेले, शेजारी अण्णा, आणि दोघांच्या हातात बशी. मला बघून आबा म्हणाले, "तुमी कुटं गेलता सायेब? आमी कवाचं बसलोय."

त्या संध्याकाळी भजी माझ्याकडून गेली, पाच प्लेट. आबांना गाडीला बसवण्याआधी त्यांनाही खायला लावली. मी आता निवृत्त आहे, पण बाजाराची यादी अजून तळहातावरच लिहितो. बायको कागद देते, तो खिशात राहतो.