तारण आणि कसब

महात्मा फुल्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. १८७३ सालीं त्यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला. परंतु बेडी तुटली म्हणून पेढीचें दार उघडतेंच असें नाहीं. तें उघडावें म्हणून १९०३ सालीं रिचमंड शहरीं मॅगी वॉकर या कृष्णवर्णीय बाईनें स्वतःची बँक काढली. तिची आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. अशा कष्टकऱ्यांची चिल्लर घेण्यांत या बँकेला कमीपणा वाटला नाहीं. तिच्या नांवांतच ‘पेनी’ हें नाणें होतें!

कटगुणच्या खटाव तालुक्याला लागून दुष्काळी माण तालुका आहे. तेथें म्हसवडला रस्त्याकडेला राहणाऱ्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्यापूर्वीं छपरावर घालावयाच्या कागदापुरते पैसे सांठवावयाचे होते. रक्कम क्षुल्लक म्हणून बँका खातें उघडीनात. तेव्हां मुंबईहून येऊन म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला सिन्हा यांनीं बायकांची बँक काढावयाचें ठरविलें. रिझर्व्ह बँकेनें अर्ज फेटाळला. प्रवर्तक बायकांनीं सह्यांऐवजीं अंगठे उठविले होते. बायका खचल्या नाहींत. कांहीं महिने त्या लिहावयास शिकल्या आणि पुन्हा मुंबईस जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, रकमेवरील व्याज आम्ही तोंडीं काढतों, तुमच्या माणसांनीं यंत्राविना काढून दाखवावें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बँकेंत यावयाचें तर दिवसाची मजुरी बुडे, म्हणून बँकच बाजारांत आणि दारीं जाऊं लागली. पासबुक नवऱ्याच्या हातीं लागेल ही भीति होतीच. त्यावर कार्डाचा विचार निघाला, तर एकीनें सुचविलें कीं गुप्त आंकडा कोणीही चोरील, अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायीं परवानगी नाकारली गेली, त्याचीच किल्ली करावी अशी ही सूचना!

तथापि शेळी घेण्याइतकें कर्ज निराळें, कारखान्याचें निराळें. सांगली जिल्ह्यांतील पेड गांवचे अशोक खाडे चर्मकार घराण्यांतले. माझगांव गोदींत काम शिकून त्यांनीं बंधु दत्ता व सुरेश यांसह ‘दास ऑफशोअर’ उभी केली. तिघांच्या आद्याक्षरांचें हें नांव. समुद्रांतील तेलविहिरींचीं लोखंडी बांधकामें ती करते. गोदींतील कसब आणि ओळखी हेंच त्यांचें भांडवल. ज्यांना अशी गोदी लाभली नाहीं, त्यांनीं काय तारण ठेवावें?

सरकारनें १९७८ सालीं महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापिलें. २०१६ च्या ‘स्टँड अप इंडिया’ योजनेनें प्रत्येक शाखेनें निदान एका दलित वा आदिवासी उद्योजकास आणि एका स्त्रीस दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यावें असें ठरलें. बेत चांगला. पण महामंडळाच्या बीज भांडवल योजनेंतही मोठा हिस्सा बँकेनेंच द्यावयाचा असतो, आणि कागद शेवटीं त्याच व्यवस्थापकाच्या मेजावर येतो, जेथें पहिला प्रश्न जमिनीच्या सात-बाराचा असतो.