दुबार पेरणी

(ज्ञातिमंडळाच्या अकोला येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी 'तरुणांपुढील जीवनमार्ग' ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. विषय मोठा आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि अमरावती आणि अकोला ह्या दोन जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, आणि ती मुले पुढे कोठे गेली हे पाहत राहण्याची सवय आम्हांस जडली. त्या पाहण्यातून जे कळले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आपल्या घरांतून एक शब्द फार सैलपणे वापरला जातो. तो म्हणजे 'धरसोड'. मुलगा अभियांत्रिकीला गेला, ते अर्धवट सोडून दुकानात बसला, दुकान चालेना म्हणून स्पर्धापरीक्षेच्या मागे लागला, की काका-मामा मान हलवून म्हणतात, ह्याचे कशातच मन नाही. सोयरीक पाहण्याची वेळ आली म्हणजे 'मुलगा सध्या काय करतो?' ह्या प्रश्नापुढे आईबापांची मान खाली जाते. आता ह्याच काकांचे शेत पाहा. मृगाच्या पहिल्या सरीवर त्यांनी सरकी टोबली. पावसाने पंधरा दिवस दडी मारली, अंकुर करपले. काका काय करतात? दुबार पेरणी करतात. मूगउडीदाचे दिवस निघून गेले असतील तर तूर धरतात, तीळ धरतात. तेही हाती लागले नाही तर काळ्या रानात हरभऱ्याची वाट पाहतात. एका हंगामात तीनदा बेत बदलणाऱ्या ह्या शेतकऱ्यास गावात कोणी धरसोड्या म्हणत नाही. उलट जो करपलेल्या तासांकडे पाहत बांधावर बसून राहतो, त्यालाच नावे ठेवतात. दुबार पेरणीत बियाणे पुन्हा घ्यावे लागते हे खरे. परंतु उन्हाळ्यात केलेली नांगरट, वखराच्या पाळ्या आणि शेतात पडलेले शेणखत ही वाया जात नाहीत.

आपल्याच वऱ्हाडातील एका थोर पुरुषाचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. शिक्षणासाठी त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशी गावे बदलावी लागली. पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले, पण तेथील पदवी न घेताच १९२० साली विलायतेस निघाले. एडिंबरो येथे एम. ए. झाले, बॅरिस्टर झाले, आणि ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास ह्या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. १९२६ साली ते परत आले तेव्हा कोणासही वाटावे की, हे गृहस्थ आता एखाद्या मोठ्या विद्यालयात संस्कृत शिकविणार.

तसे झाले नाही. त्यांनी अमरावतीस वकिली धरली. वकिलीत बसतात न बसतात तो श्रद्धानंद छात्रालय काढले. १९२८ साली जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले, १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, आणि १९३३ साली ते पद सोडले. ह्याच सुमारास श्रीशिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे घटना समितीत बसले. १९५२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, केंद्र सरकारचे कृषिमंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खात्यात राहिले. १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. १० एप्रिल १९६५ रोजी ते वारले. आज आपण ज्या अकोल्यात बसलो आहोत तेथील कृषी विद्यापीठास १९६९ पासून त्यांचे नाव आहे. संस्कृत, कायदा, वसतिगृह, राजकारण, शाळा, शेती! आपल्यातील एखाद्या काकांनी हे टिपण वाचले असते, तर काय म्हणाले असते ते सांगावयास नको.

वेदांवरील तो प्रबंध कपाशीच्या भावास काही उपयोगी पडला नाही, हे उघड आहे. मोठ्या माणसाच्या आयुष्यात काहीच वाया गेले नाही असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. काही वर्षे वाया जातातच. परंतु ज्या मुलाने शाळेपायी गाव सोडून परगावी दिवस काढले, त्यास परत आल्यावर पहिली गोष्ट सुचली ती खेड्यातील मुलांच्या वसतिगृहाची, ह्यात आम्हांस मागची मशागत दिसते. आणखी एक गोष्ट विसरू नये. एडिंबरो येथे संस्कृतसाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. दुबारचे बियाणे कोणीतरी दिले होते. ह्या मुद्द्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

दुसरे उदाहरण अमरावतीच्या तपोवनाचे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे अमरावतीत होमिओपॅथीचे डॉक्टर होते. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. १९४६ साली, तेही त्रेपन्नाव्याच वर्षी, त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारण्यास आरंभ केला. त्या काळी हा रोग जडलेल्या माणसास घरचे लोक वेशीबाहेर काढीत. योगायोग असा की, ह्या रोगावर खरोखर गुणकारी अशी सल्फोन जातीची औषधे जगात त्याच दशकात पुढे येत होती. तोवर कडू कवठाच्या तेलावर भिस्त होती. रोग बरा होऊ लागला, पण बऱ्या झालेल्या माणसास घर परत घेईना. तेव्हा त्यास हाताला काम देणे हाच पुढचा उपचार ठरला.

आमच्या मते तपोवनाच्या गोष्टीत डॉक्टरांच्या वळणापेक्षा त्या रोग्यांचे वळण अधिक विचार करण्यासारखे आहे. जन्मभर मजुरी केलेला माणूस. त्याच्या बोटांची संवेदना गेलेली. त्याने सुतारकाम किंवा विणकाम शिकावयाचे म्हणजे हत्यार हाताने नव्हे, डोळ्यांनी धरावयाचे. हात कापला तरी कळत नाही, म्हणून दर घडीला बोटे पाहून घ्यावयाची. तरीही माणसे शिकली आणि आपल्या मिळकतीचे खाऊ लागली. पटवर्धनांस १९५९ साली पद्मश्री मिळाली, १९८६ साली ते वारले. आमच्या पंचविशीतील धडधाकट मुलांनी 'आता नवे शिकण्याचे वय राहिले नाही' असे म्हणावे, तेव्हा आम्हांस त्या बोटांची आठवण होते.

ही झाली थोरांची उदाहरणे. परंतु पुष्कळदा वळण आपण घेत नाही, ते आपणांवर येते. मूर्तिजापुराहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला गाडी आपल्यापैकी वडील मंडळींच्या चांगल्या परिचयाची. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन गेले आणि कोळसा मारण्याची विद्या त्याबरोबर गेली; पुढे गाडीही बंद झाली. अकोल्यातील कापडाच्या गिरण्या गेल्या. त्या भोंग्यावर ज्यांची घरे चालत, त्यांतील कोणी किराणा मांडला, कोणी रिक्षा धरली. त्यांस धरसोड करणारे कोण म्हणेल?

आता तरुणांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्या थोड्या कडू आहेत. राज्यसेवेच्या परीक्षेस खुल्या वर्गास अडतीस आणि मागासवर्गास त्रेचाळीस वर्षांपर्यंत बसता येते. ही सवलत खरी, पण ती सापळाही आहे. अभ्यासिकेतील खुर्ची फार मऊ असते. 'पुढच्या वर्षी नक्की' असे म्हणत तेथे दहा-दहा वर्षे बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. धरसोड नको म्हणून त्यांना घरच्यांनीच तेथे बसविले होते. आमचा सल्ला असा की, प्रयत्नास आरंभ करतानाच किती वर्षे देणार हे वडीलधाऱ्यांसमक्ष ठरवावे, आणि ती सरली की उठावे. दुसरे असे की, उठताना हाती काय आहे ते कागदावर लिहून काढावे. आमच्या एका विद्यार्थ्याने तंत्रनिकेतन अर्ध्यावर सोडले, मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान काढून बुडविले, आणि चार वर्षे परीक्षा दिल्या. तिशीच्या उंबरठ्यावर आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, माझ्याजवळ काहीच नाही." आम्ही त्यास लिहावयास बसविले. यंत्र उघडून पाहता येते. हिशेबाची वही ठेवता येते. सरकारी अर्ज आणि नियम वाचून समजतात. आज तो तालुक्याच्या गावी पंप, फवारणी यंत्रे आणि ठिबकचे संच दुरुस्त करतो, आणि शेतकऱ्यांचे अनुदानाचे अर्जही भरून देतो. तिन्ही बुडालेल्या गोष्टी त्याच्या एका दुकानात कामास आल्या.

भगिनींच्या बाबतीत तर आपण अधिकच अन्यायी आहोत. त्यांनी लग्नानंतर केलेल्या कामास आपण कामच म्हणत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेशास वरची वयोमर्यादा नाही, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकण्याची सोय देते, हे किती घरांतून सुनांना सांगितले जाते?

आता मूळ गोष्टीकडे येतो. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत असे कलम आहे की, विद्यार्थ्याने अभ्यासक्रम बदलल्यास, अथवा तो पंचवीस वर्षांपुढील असल्यास, त्याचे साहाय्य बंद होईल. हे कलम घालणाऱ्या मंडळींचा हेतू शुद्ध होता. पैसा थोडा आणि मागणारे फार, तेव्हा कोठेतरी कुंपण घालावे लागते. परंतु त्या कुंपणाबाहेर नेमका तोच मुलगा राहतो ज्याचे बियाणे करपले आहे. ज्याच्या बापाजवळ वीस एकर ओलीत आहे, त्यास दुबारचे बियाणे घरातून मिळते. कोरडवाहू चार एकरवाल्याच्या मुलास ते सावकाराकडून आणावे लागते, किंवा तो पेरतच नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, निधीचा पाचवा हिस्सा वेगळा काढावा आणि तो पंचविशीपुढील व मार्ग बदललेल्या ज्ञातिबंधू-भगिनींस बिनव्याजी द्यावा. अर्जदाराने मागे काय केले, ते का सोडले आणि पुढे काय करणार, हे एका पानात लिहून द्यावे. दोन ज्ञातिबांधवांनी त्याची शहानिशा करावी. आणि कमाई सुरू झाल्यावर हप्त्याने परतफेड घ्यावी. तसेच आपल्या वधूवर सूचीत 'सध्या काय करतो' ह्या रकान्याशेजारी 'काय काय येते' असा एक रकाना छापावा; त्यास खर्च शाईचाच आहे.

उद्या सकाळी सर्वसाधारण सभा आहे. तेथे ही सूचना लेखी मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी दिली आहे, आणि ह्या वेगळ्या निधीसाठी आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. सूचना नामंजूर झाली तर ती रक्कम मूळ निधीत घालावी, परत करू नये.