आभासी जगातील शिवणकाम आणि त्याची जाहिरात
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, वाशीम येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी मला ‘तरुणांचे नवे उद्योग’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले, हा त्यांच्या प्रेमाचा भाग होय. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला. अशा माणसाने संगणकावर बोलावे हे धाडसच आहे. तथापि या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सर्वांसमक्ष सांगितल्यावाचून मला बरे वाटणार नाही.

रिसोड तालुक्यातील आपल्या एका ज्ञातिबंधूंचे शिवणकामाचे दुकान आहे. तयार कपड्यांची चलती झाल्यापासून त्यांच्याकडे फक्त शाळेचे गणवेश आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती उरली. ते एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, “गुरुजी, पोरगा रात्र रात्र संगणकापुढे बसतो. विचारले तर म्हणतो, कपडे शिवतो. कापड नाही, सुई नाही, आणि कपडे कसले? तुम्हीच त्याला चार शब्द सांगा.” मी मुलाला बोलावले आणि चार माणसांदेखत म्हणालो, “काय रे, हवेला सदरे शिवतोस काय?” सगळे हसले. मुलगा खाली मान घालून निघून गेला. पुढे सहा महिने तो माझ्या ओट्यावर फिरकला नाही.

मग मीच एका दुपारी त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, “बाळ, न पाहता बोललो. आता दाखव.”

त्याने दाखविले ते असे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली ‘सेकंड लाइफ’ नावाचे एक आभासी जग लोकांसाठी खुले केले. तेथे मनुष्य स्वतः जात नाही, त्याचा ‘अवतार’ जातो. आपल्या पुराणांतला शब्द तेथे रोजच्या वापरात आहे, हे ऐकून मला मौज वाटली. हे अवतार हिंडतात, बोलतात, घरे बांधतात, आणि अर्थातच त्यांना कपडे लागतात. ते कपडे कंपनी शिवत नाही, तेथील रहिवासी शिवतात आणि विकतात. वस्तू ज्याने निर्माण केली तिचे हक्क त्याचेच, असे कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले. तेथील नाणे म्हणजे लिंडन डॉलर; साधारण अडीचशे लिंडन डॉलरांस एक अमेरिकन डॉलर पडतो. आयलिन ग्रेफ नामक बाईंनी तेथे जमिनींची खरेदी-विक्री केली. २००६ साली एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकाने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचा अवतार छापला, आणि त्याच वर्षी आपली मालमत्ता दहा लाख डॉलरांवर गेल्याचे त्यांनी जाहीर केले. असे भाग्य हजारांत एखाद्याचे. बाकीच्यांची दुकाने लहानच असतात. आपला मुलगा त्या लहानांतला. तो नऊवारी लुगडी, फेटे, बंड्या असे अवतारांचे कपडे तयार करतो.

आता मुख्य मुद्दा जाहिरातीचा. माल तयार झाला, पण गिऱ्हाईक कोठून यावे? त्या जगात हजारो दुकाने. आरंभी या मुलाने सर्वसाधारण उत्साही माणूस करतो तेच केले. फेसबुकच्या प्रत्येक गटात दिवसातून दहा वेळा ‘माझा माल घ्या, माझा माल घ्या’ असे लिहिले. परिणाम असा झाला, की बहुतेक गटांनी त्याला बाहेर काढले आणि एक लुगडेही खपले नाही. आठवडी बाजारात ओरडणारा खपतो. पण कोणाच्या ओसरीवर जाऊन ओरडणारा हाकलला जातो. समाजमाध्यम ही ओसरी आहे, बाजार नव्हे, हे त्याला ठेच लागून कळले.

मी त्याला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघू लागले. ते कारखान्याचे पत्रक खरे, परंतु शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचनीय आणि उपयोगी मजकूर देण्याचा परिपाठ ठेवला, आणि त्यातूनच पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक उभे राहिले. तात्पर्य, आधी वाचकाला काही द्यावे, मग त्याच्यापुढे माल ठेवावा.

मुलाने ते मनावर घेतले. नऊवारीचा काष्टा कसा घालतात, फेट्याचे पदर कसे पडतात, याची चित्रे क्रमवार करून तो फ्लिकर आणि इन्स्टाग्राम येथे ठेवू लागला. सेकंड लाइफमधील कपड्यांची चित्रे फ्लिकरवर पाहण्याची तेथील लोकांत जुनी रीत आहे. चित्राखाली दुकानात नेणारा दुवा एकच, आर्जव नाही. अंगावर घालून पाहण्यासाठी नमुना फुकट ठेवला. जे लोक अवतारांच्या पोशाखांवर लिहितात, त्यांना एकेक पोशाख भेट पाठविला. कोणी प्रश्न विचारला, तर त्याच दिवशी उत्तर. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले. आज त्याचा विजेचा आणि इंटरनेटचा खर्च सुटून थोडेफार उरते. त्यावर घर चालत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. काही संगणक-प्रणालींत कापडाचे तुकडे आधी सपाट बेतावे लागतात आणि मग त्यांच्या कडा एकमेकींस जोडाव्या लागतात, तेव्हा अवताराच्या अंगावर वस्त्र बसते. मुलाची बंडी काखेत सारखी ओढली जात होती. त्याने वडिलांना विचारले. वडिलांनी चष्मा लावला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मुंढा खोल कापला आहेस. अर्धा इंच वर घे.” बंडी बसली. त्या दिवसापासून बापलेक रात्री एकत्र बसतात. विद्या तीच, फक्त कात्री बदलली. आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा हाताने शिवणाऱ्यांनाही पोट बुडण्याचेच भय पडले होते. पुढे त्याच यंत्रावर आपल्या किती पिढ्या जगल्या!

तरुणांनो, आता दोन शब्द सावधगिरीचे. पहिले, समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. टिकटॉकवर आपल्या सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली आणि त्यावर ज्यांचा पसारा होता त्यांचा तो एका रात्रीत गेला. ‘देअर’ नावाचे एक आभासी जगच २०१० साली मिटले. ते पुन्हा उघडण्यास दोन वर्षे लागली. म्हणून गिऱ्हाइकांची नोंद आणि आपल्या कामाच्या प्रती स्वतःपाशी ठेवाव्यात. दुसरे, विकतचे अनुयायी घेऊ नयेत. भाडोत्री वऱ्हाडाने लग्न शोभत नाही. तिसरे, पैसे वा वस्तू घेऊन स्तुती लिहिली तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे. जाहिरातदारांच्या मानक परिषदेने २०२१ साली तसा नियम केला आहे. चौथे, आपला परवलीचा शब्द कोणासही सांगू नये, आणि पैशाची फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पाचवे, शिक्षण वा हातचे काम सोडून यामागे लागू नये. जोडधंदा म्हणून आरंभ करावा.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती याहून लहान आहे. न पाहता हसू नका. मी हसलो, आणि एका होतकरू मुलाचे सहा महिने माझ्यामुळे कडू झाले. आपल्या विद्यार्थी-निधीतून दरवर्षी वह्या-पुस्तके वाटली जातात, त्यासोबत एखादा जुना परंतु चालता संगणक गरजू मुला-मुलींना वर्षभर वापरावयास द्यावा, अशी सूचना मी या सभेपुढे ठेवतो. स्वतःकडून पहिल्या संगणकाची निम्मी रक्कम मी देईन.

आपल्या वाशीमच्या शेजारीच हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे. तेथील शिंप्याचा मुलगा नामदेव पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचला, आणि त्याची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात विराजमान आहेत. त्यांच्यापाशी छापखाना नव्हता, तारायंत्र नव्हते. लोकांच्या भाषेत, लोकांमध्ये उभे राहून, देण्याजोगे काही दिले म्हणून ते लोकांनी दूरवर नेले. साधने पालटतात, हा नियम पालटत नाही.