ठेव कुठे ठेवावी?



आमच्या दुधनीच्या अडत बाजारात जुन्या दुकानदाराकडे रोजमेळ आणि खातेवही अशा दोन वह्या असत. एक वाळवीने खाल्ली, तरी दुसरीवरून हिशेब बराचसा उभा करता येई. शेतकरीही सारे बियाणे एकाच कणगीत भरत नाही. हे शहाणपण आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु संगणक घरात आला आणि आपण ते उंबऱ्याबाहेर ठेवले! हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. चूक माझ्याच हातून झाली.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. आमचा भाग सीमेवरचा. इथल्या म्हाताऱ्या बायका जात्यावर मराठीतही गायच्या नि कानडीतही. विद्यार्थ्यांनी तीन वर्षे गावोगाव हिंडून ती गाणी ध्वनिमुद्रित केली. मी ती संगणकाच्या 'डी' भागात ठेवली, 'ई' भागात त्यांची नक्कल केली आणि निर्धास्त झालो. एके दिवशी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर हार्ड डिस्क सुरूच होईना. तेव्हा उमगलं, की 'डी' आणि 'ई' हे एकाच पेटीचे दोन कप्पे! पेटीच गेल्यावर कप्पे कुठले राहणार? गाणाऱ्यांपैकी दोघी तोवर वारल्या होत्या. एका मुलाने आपल्या आजीच्या चार ओव्या मोबाइलात ठेवल्या होत्या. तेवढ्या काय त्या उरल्या.

तात्पर्य, मूळ वस्तूबरोबरच नाश पावेल ती प्रत नव्हे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली, वरचे मजले जळाले, असंख्य फायली भस्मसात झाल्या. अशा वेळी त्याच इमारतीतल्या दुसऱ्या कपाटातील नक्कल काय कामाची?

म्हणून जाणकारांनी एक सोपा नियम घालून दिला आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

आता साधने कोणती? बाहेरून जोडायची हार्ड डिस्क कमी पैशात पुष्कळ साठवते. मात्र तिच्यातील तबकड्या फिरत्या असल्याने ती धक्क्याला भिते. पेन ड्राइव्ह ने-आण करायला सोयीचा. पण वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला, तर त्यातील विद्युतभार ओसरू शकतो. घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उन्हाने बिघडतो. सोलापूरचा उन्हाळा तर आपणांस ठाऊकच आहे. इंटरनेटवरील 'क्लाउड'चा फायदा असा, की घराला आग लागली तरी ती प्रत दूर राहते. परंतु काही सोयी इथे पुसले की तिथेही पुसून टाकतात. तेव्हा जुन्या आवृत्त्या राखल्या जातात ना, हे आधी पाहावे.

आणखी दोन पथ्ये आहेत. नक्कल झाली की डिस्क संगणकापासून काढून ठेवा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. जोडलेली प्रत अशा वेळी मूळ प्रतीबरोबरच सापडते. दुसरे पथ्य असे, की दर दोन-तीन महिन्यांनी प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहा. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न उगवून पाहिलेले बी पेरणे.

पुढे मी हयात असलेल्या आजींकडे पुन्हा गेलो. त्यांनी न कंटाळता ओव्या सांगितल्या. पण शब्द इकडेतिकडे झाले. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, अनुयायांनी ती आठवून आठवून पुन्हा लिहिली, आणि म्हणून तिचे पाठ निरनिराळे, हे मी वर्गात कितीदा शिकवले असेल! त्याचा अर्थ मला त्या ओसरीवर बसून कळला.

आठवणारे माणूस तरी होते, म्हणून एवढे जमले. त्या दोघींच्या ओव्या आता कोण सांगणार?

आपल्या संगणकात पुन्हा मिळणार नाही अशी कोणती वस्तू आहे, एवढे आज रात्री ठरवा. तिची एक प्रत उद्याच दुसऱ्या गावी, आपल्या माणसाच्या घरी पोहोचती करा.