चाकांतील हवा आणि पिवळा दिवा

श्रोतेहो, मोटारीच्या चाकांतील हवा हा विषय रात्रीच्या जेवणानंतर घरांत बसून ऐकण्यासारखा आहे काय, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांस येईल. मलाही ती पूर्वीं आली असती. परंतु एका हिवाळ्यांत मी अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत माझ्या भाच्याकडे राहिलों आणि तेथें माझें मत बदललें.

भाच्याजवळ पिकअप आहे. पुढें घरच्या मोटारीसारखी बसण्याची जागा व मागें उघडा हौदा, अशी ही गाडी. त्या सकाळीं आम्हीं हौद्यांत त्याच्या मुलीचें बिऱ्हाड भरलें. पुस्तकांच्या पेट्याच दहा-बारा होत्या. किल्ली फिरवितांच चालकापुढील फळीवर घोड्याच्या नालासारखें एक पिवळें चिन्ह, पोटांत उद्गारचिन्ह घेऊन, उजळलें. “मामा, तिकडे लक्ष देऊं नका. थंडींत तो दिवा रोज लागतो आणि अर्ध्या तासानें आपोआप विझतो,” भाचा म्हणाला. आणि खरोखरच तो विझला.

तो कां विझला, हेंच ऐकण्यासारखें आहे. गार हवा आकुंचन पावते. ३५ पौंडांनीं भरलेल्या टायरचें तपमान सुमारें साडेपांच अंश सेंटिग्रेडनें उतरलें कीं दाब एका पौंडानें घटतो. (पौंड म्हणजे येथें दर चौरस इंचावरील पौंड.) सप्टेंबरांत २० अंशांवर भरलेली ३५ पौंड हवा जानेवारींत शून्याखालीं १५ अंशांवर २९ पौंडांवर येते. शिवाय महिन्यास साधारण एक पौंड हवा रबरांतून झिरपते, ती वेगळीच. पुढें गाडी धांवूं लागली कीं टायर तापतो, दाब तीन-चार पौंडांनीं चढतो आणि दिवा मालवतो. चाकांत हवा मात्र सकाळीं होती तेवढीच असते!

बरें, हवा कमी असली तर बिघडतें काय? अशा टायरची बगल प्रत्येक फेऱ्यांत अधिक दबते व पुन्हां ताठ होते. तार वारंवार वांकविली म्हणजे ती जशी बोटांस गरम लागते, तसाच टायर या वांकण्यानें तापतो. त्यांत ओझें आणि वेग यांची भर पडली म्हणजे रबर व आंतील पोलादी तारांचे पट्टे यांची एकमेकांवरील पकड सुटूं लागते.

याची किंमत अमेरिकेनें मोजलेली आहे. फोर्ड कंपनीची ‘एक्सप्लोरर’ ही गाडी मुळांत तिच्याच ‘रेंजर’ पिकअपच्या सांगाड्यावरून घडविलेली. तिच्या फायरस्टोन टायरांचे वरील थर भर रस्त्यांत सुटून गाड्या उलटूं लागल्या, आणि तेंही विशेषतः टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत. ९ ऑगस्ट २००० रोजीं सुमारें ६५ लाख टायर परत मागविण्यांत आले. दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. गाडीवाल्यांनीं २६ पौंड हवा सांगितलेली होती, टायरवाले ३० म्हणूं लागले. दोघेही एकमेकांस बोल लावीत राहिले. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील १०,००० पौंड वजनमर्यादेपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीस हा दिवा सक्तीचा ठरला. मागें जोडचाकें असलेल्या पिकअपांस मात्र त्यांतून वगळलें आहे. ज्या गाड्या सर्वांत जड ओझीं वाहतात त्यांनाच सूट, ही गोष्ट मला कांहीं पटली नाहीं.

दिव्यास बातमी कळते ती दोन तऱ्हांनीं. एकींत प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हपाशीं एक लहानसें यंत्र असतें. तें दाब मोजून बिनतारी संदेश पाठवितें. आपल्या या नभोवाणीचें अगदीं चिमुकलें भावंडच म्हणा ना! त्यांतील बॅटरी कांहीं वर्षांनीं संपते. मग दिवा प्रथम मिनिटभर लुकलुकतो व नंतर स्थिर राहतो. तो हवेचा नव्हे, यंत्राच्या बिघाडाचा इशारा. दुसऱ्या तऱ्हेंत दाब मोजीतच नाहींत. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होऊन अधिक फेरे घेतें, त्यावरून अनुमान करतात.

परंतु कायद्यानें दिव्यास जागें व्हावें लागतें तें दाब चौथा हिस्सा घटल्यावर. म्हणजे ३५ चे सुमारें २६ होईपर्यंत तो गप्प राहूं शकतो. मागच्या चाकांस ८० पौंड लागणाऱ्या भारी पिकअपमध्यें दाब ६५ वर आला आणि हौदा विटांनीं भरला, तरीही कदाचित् तो कांहींच बोलणार नाहीं. म्हणून मोजणी हातानेंच करावी, तीही गाडी निदान तीन तास उभी असतांना. किती हवा भरावी हें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेलें असतें. पुढच्या व मागच्या चाकांचे आंकडे पुष्कळदां निराळे असतात. टायरच्या बगलेवरचा आंकडा कमाल मर्यादेचा असतो. तो पाहून हवा भरणारे लोक आपल्याकडेही थोडे नाहींत. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांत हवा अति झाली तर ती गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते आणि ब्रेक लावतांना घसरते.

दुसऱ्या दिवशीं पहांटे, गाडी थंड असतांना, भाच्यानें मापक आणलें. पट्टीवर चारी चाकांस ३५ पौंड होते. तीन चाकांत २८-२९ निघाले. मागच्या डाव्या चाकांत २३, आणि त्याच्या खांचेंत एक खिळा. आदल्या दिवशीं त्याच चाकावर पुस्तकांच्या पेट्या होत्या आणि पुढच्या बांकावर आम्ही तिघें.