मुलांच्या हाती फास्टर फेणे

मुलांना मराठीत काय वाचायला द्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी भा. रा. भागवतांचं नाव घेतो. 1951 साली त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केलं. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा त्यांनी मराठीत आणल्या, त्याही अशा की मूळ पुस्तक फ्रेंच आहे याची आठवणच राहू नये.

आणि मग त्यांचा फास्टर फेणे! पुण्यात शिकायला आलेला फुरसुंगीचा बनेश फेणे. अंगानं किडकिडीत, सायकलवर सुसाट, आणि दुसऱ्यावर संकट आलं की मागचापुढचा विचार न करता धावून जाणारा. आश्चर्य वाटलं की तोंडातून ‘टॉक्’ असा आवाज काढणार! 2017 च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा दाखवलाय; पुस्तकातला बन्या मात्र शाळकरी आहे. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला तो आपल्याच बाकावरचा वाटतो, म्हणून चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तकं जरूर मिळवावीत. भागवतांची वाक्यं छोटी, बोलकी, पळती. मोठ्यानं वाचायला तर फारच छान!

घरातली मुलं त्याहून लहान असतील, तर माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या. चित्रंही त्यांचीच. आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातलीच माणसं त्यात भेटतात, उपदेशाचा डोस कुठेही नाही. जरा मोठ्या मुलांसाठी त्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ आहे. त्यात मराठीतल्या नामवंत लेखकांचे वेचे आणि सोबत चित्रकलेचे नमुने आहेत. ते सलग वाचायची गरज नाही. कुठलंही पान उघडावं आणि मुलांसोबत बसून वाचावं.